हलकी सिस्टीम आणि तिरकं पाऊल

माझ्या मित्राने मला फसवलं, आणि मी माझ्या सासूबाईंना. त्याने जाणूनबुजून फसवलं, माझ्या हातून ते झालं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी माझी बाजू घेत घेत पुढे वाचणार नाही.

मी सांगलीचा. कुपवाडच्या एमआयडीसीत फिटर म्हणून लागलो, कामावरून सुटल्यावर डिप्लोमा केला, मशिनं बसवायला म्हणून कंपनीने जर्मनीत पाठवलं आणि इथल्या लोकांनी ठेवून घेतलं. मला कुणी ताटात वाढून काही दिलेलं नाही. जे आहे ते घासाघीस करून घेतलेलं आहे, आणि ती सवय अंगातून जात नाही. माइन नदीच्या काठावर शनिवारी जुना बाजार भरतो. तिथला जर्मन माणूस भाव सांगतो आणि गप्प बसतो. मीही गप्प बसतो. गप्प बसण्यात मी त्यांच्या वरचढ आहे. अशा वेळी बायको चार दुकानं पुढे जाऊन उभी राहते, जणू आमची ओळखच नाही.

मित्र पुण्याचा. फ्रँकफर्टच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होता. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या आणि त्या कागदावर मांडायच्या, हे त्याचं काम. तो घरातही तसाच. नवा मिक्सर आणला तरी आधी तपासणार, मग एका कागदावर काय चालतं, काय चालत नाही ते लिहून सही-तारखेसह फाइलला लावणार. त्या कागदाला तो 'प्रोटोकोल' म्हणायचा. आम्ही हसायचो. तो मला 'शेठ' म्हणायचा, मी त्याला 'साहेब'. माझी मुलगी झाली तेव्हा बायकोसाठी डिंकाचे लाडू त्याच्या घरून आले होते. हेही सांगायला हवं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात मुलगी दहा महिन्यांची होती. सासूबाईंनी तिला पाहिलेलं नव्हतं. गुडघे आणि हृदय, दोन्हींमुळे त्यांना विमान बंद. आम्ही जावं तर मी नोकरी बदललेली, आणि नव्या नोकरीचे कागद ऑसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कार्यालयात, अडकलेले. तिथल्या बाई म्हणाल्या, तुम्ही किंवा तुमची पत्नी बाहेर गेलात तर परत आत येता येईलच असं मी लिहून देणार नाही. त्यांच्याशी घासाघीस चालली नाही.

त्यातच सासूबाईंना काचबिंदू. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नजर कडेने मिटत आलीय, समोरचं एवढंसं उरलंय, तेही वर्षभर टिकलं तर टिकलं.

आम्ही फोटो पाठवत होतो. सासूबाई भिंग घेऊन बघायच्या. एकदा फोनवर मला म्हणाल्या, "फोटो गोड आहेत हो जावईबापू. पण फोटोचं काय, दुकानातल्या बाहुलीचासुद्धा गोडच येतोय. मला पोर हलताना बघायचीय. चालायला लागली की पाय कसा टाकतीय, तेवढं बघायचंय."

त्याला कारण होतं. माझे सासरे उजवा पाय आत वळवून चालायचे. साखर कारखान्याच्या फाटकातून पन्नास माणसं एकदम बाहेर पडली तरी हे कोणते ते लांबूनच कळायचं म्हणे. माझ्या मेव्हण्याचंही पाऊल तसंच पडतं. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले. सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की माणूस गेलं, पण चाल पुढे आली का ते बघू दे.

तेव्हा कॉम्प्युटरवरून एकमेकांना बघत बोलायचं नवंच निघालं होतं. मी ठरवलं, एक लॅपटॉप आपल्याकडे, एक सांगलीला. जोडी सारखी पाहिजे, म्हणजे इथे जे बटण दाबलं तेच मेव्हण्याला तिकडे दाबायला सांगता येईल.

मित्राच्या कंपनीने जुने लॅपटॉप बाद केले होते. विल्हेवाट लावतो असं सांगून त्याने सहा उचलून आणले आणि केलरमध्ये, तळघरातल्या आपल्या खोलीत, रचून ठेवले. त्याची बायको त्यावरून रोज त्याला बोलायची. त्याच महिन्यात त्याने घर बदललेलं. इथे भाड्याच्या घरात स्वयंपाकघर नसतंच, नुसत्या भिंती आणि नळाची दोन तोंडं. ओटा, कपाटं, सिंक सगळं आपण आणून बसवायचं. तो खोकी आणून बसला होता आणि शेगडी फरशीवर होती.

"शेठ, दोन लॅपटॉप घे. त्याबदल्यात स्वयंपाकघर बसवून दे आणि केलरमध्ये फळ्या मार."

"फळ्या नाही. नुसतं स्वयंपाकघर."

"अरे, चालू मशिनं आहेत ती!"

"बाद झालेली आहेत. तुझ्याच कंपनीने बाद केलीत. वर दोन कॅमेरे टाक."

त्याच्याकडे दोघं पाहुणे बसले होते. त्यांच्यासमोर मी त्याच्या लॅपटॉपची एकेक खोड काढली. बॅटरी मेलेली, झाकणाची बिजागरी सैल, बुडाचा रंग उडालेला. पाहुणे हसायला लागले. एक जण म्हणाला, "पुणेकर सापडला रे बाबा आज!" मित्राचे कान लाल झाले. मला ते दिसलं आणि मजा वाटली.

शेवटी तो म्हणाला, "घे बाबा, कॅमेरेपण घे." इतक्या पटकन म्हणाला, की तिथेच मला थांबायला हवं होतं. बाजारात समोरचा झटक्यात हो म्हणाला तर मी वस्तू उलटी करून बघतो. फुकट मिळालेली मात्र उलटी करून बघितली नाही.

शनिवारी मी ओटा बसवला आणि रविवारी दुपारी आम्ही दोघं त्याच ओट्यावर लॅपटॉप ठेवून बसलो. नेहमीची सिस्टीम त्या जुन्या मशीनवर चालण्यासारखी नव्हती, मेमरी फार कमी. मित्राने लिनक्सच्या तीन सीडी आणल्या होत्या. जुन्या मशीनसाठी हलक्या केलेल्या तीन वेगवेगळ्या सिस्टीम.

मी म्हटलं, "परीक्षा मी घेणार." शेगडीवर चहाचं आधण ठेवलं. पहिली सीडी घातली. चहा उकळला, गाळला, पिऊन झाला, तरी पडद्यावर घड्याळच फिरत होतं. दुसरी चहा उकळेपर्यंत उठली, पण दोन खिडक्या उघडल्या की धापा टाकायची. तिसरी सीडी एवढीशी, सगळी मेमरीतच मावणारी. दूध वर यायच्या आत ती उठून बसली. निळा पडदा, साध्या चौकटी, कसलीही सजावट नाही. आमच्या वर्कशॉपसारखी.

"हीच," मी म्हणालो.

"आल्झो, म्हणजे तशी दुसरीपण वाईट नाही," तो म्हणाला. "तिच्यात जास्त गोष्टी आहेत."

"मला गोष्टी नकोत. सासूबाई दिसल्या पाहिजेत, आम्ही त्यांना दिसलो पाहिजे. दिसेल ना?"

त्याने चमचा ओट्यावर ठेवला. "कॅमेरा चालवणारा प्रोग्राम असतो, ड्रायव्हर, त्याचं थोडं बघावं लागेल. होईल."

मी आयुष्यभर मशिनं उघडली आहेत. वजन कमी केलं म्हणजे कुठून तरी काहीतरी काढलेलं असतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण सीडी फिरवताना मी फक्त दुधाकडे बघत होतो.

एक लॅपटॉप ऑगस्टमध्ये माझ्या ऑफिसातल्या एकाबरोबर सांगलीला गेला. त्याने स्वेटरमध्ये गुंडाळून नेला. गाड्यांवर तेव्हा अजून फुटबॉलचे झेंडे होते, एवढं आठवतं. सप्टेंबरात मेव्हण्याने ब्रॉडबँड घेतलं आणि पहिल्या रविवारी आवाज आला, अगदी खणखणीत. सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, शेजारच्या खोलीत बसल्यासारखं येतंय की! पण दिसत काय नाही. काळंच आहे."

"दाजी, चौकोन आहे, आत काय नाही," मेव्हणा म्हणाला.

मी मित्राला फोन केला. तो म्हणाला, "ड्रायव्हर. पुढच्या रविवारपर्यंत बघतो."

ऑक्टोबरात मुलगी चालायला लागली. सोफ्यापासून खिडकीपर्यंत चार पावलं, आणि उजवं पाऊल आत. बायको एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. आई, उजवं आत पडतंय, असं तिने लॅपटॉपमध्ये ओरडून सांगितलं.

तिकडून सासूबाईंचा आवाज, "उजवंच का? नीट बघ. चड्डी घट्ट झाली असेल."

"आई, उजवंच गं!"

"मला दिसंना की."

त्या आठवड्यात मित्र घरी आला. मुलगी त्याच्याकडे चालत गेली, त्याने दोन्ही हात पुढे केले. "अरे, ही तर तिरकी चालते," तो म्हणाला. बायकोने त्याला सासऱ्यांची सगळी कथा सांगितली, आई कशासाठी थांबलीय तेही सांगितलं. तो लॅपटॉप पुढ्यात घेऊन तासभर बसला, काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप करत राहिला. जाताना दारात म्हणाला, "नवी आवृत्ती येतेय. तिच्यात होईल. दोन रविवार दे."

मी दिले. मग आणखी दोन दिले. दीड वाजता आम्ही बसायचो, सांगलीत तेव्हा दिवे लागायची वेळ होत आलेली असायची. सासूबाई इस्त्रीचं पातळ नेसून बसायच्या, असं मेव्हणा सांगायचा. नात आपल्याला बघणार म्हणून. दर रविवारी तोच काळा चौकोन.

नोव्हेंबरात मेव्हणा म्हणाला, "दाजी, एक बोलू का? इथं एसटी स्टँडसमोर सायबर कॅफे हाय. तिथं सगळं दिसतंय. तुम्हीबी तिकडं कुठल्या कॅफेत जावा. मी आईला खुर्चीत बसवून जिना चढवतो. दोन पोरं लावतो."

"घरात आपलं मशीन असताना कॅफेत कशाला?" मी ओरडलो. "चार टवाळ पोरांच्यात आईंना नेऊन बसवणार? दोन रविवार थांब म्हणतोय ना!"

"थांबतो की. मी काय म्हणतोय का," मेव्हणा म्हणाला.

बायको माझ्याकडे बघत होती. मग शांतपणे म्हणाली, "अहो, स्टेशनजवळ आहे एक कॅफे. मी बघितलाय. ट्रामने दहा मिनिटं."

"मी सांगितलं ना, होणार आहे!"

ती पुन्हा कधी त्याबद्दल बोलली नाही. आज लोक विचारतात, अरे, व्हिडिओ काढून सीडी पाठवायची होतीस. हो, पाठवायची होती. पण 'पुढच्या रविवारी नक्की' म्हणणारा माणूस रोजच्या ओळखीचा असला, की दुसरी वाट डोक्यात येत नाही. मी जोडी जमवली होती, सौदा मी जिंकला होता. तो सौदा फुकट गेला हे मला कबूल करायचं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सासूबाई नेहमीसारख्या बोलल्या. आमटीत काय घातलं, शेजारणीची म्हैस कशी आटली. मग म्हणाल्या, "जावईबापू, आता ते चित्राचं राहू द्या. तुम्हाला उगाच ताप. आता चौकोन काळा आहे का पांढरा, तेबी मला कळत नाही."

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. मुलगी तिच्यामागे गेली, थप थप, उजवं पाऊल आत.

एप्रिलमध्ये कागद आले. मे महिन्यात आम्ही सांगलीला गेलो. मुलगी तोवर दीड वर्षाच्या पुढे गेली होती आणि धावत होती. जर्मनीतल्या डॉक्टरीण बाईंनी आधीच सांगितलं होतं, की पाऊल आपोआप सरळ होईल, काळजी करू नका. आम्ही काळजी केली नाही आणि ते सरळ झालं. मार्चमध्ये कधीतरी. कोणत्या दिवशी, ते आम्हाला कळलंही नाही.

सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. पातळ इस्त्रीचं. त्यांनी नातीला जवळ घेतलं, पण फार वेळ धरलं नाही. म्हणाल्या, "सोडा तिला. चालू दे. पायातलं काढा, अनवाणी चालू दे."

मुलगी शहाबादी फरशीवरून दारापर्यंत गेली, परत आली. सासूबाई मान वाकडी करून ऐकत होत्या. पुन्हा चालवलं. मेव्हणा पंखा बंद करून आला, आवाज नीट यावा म्हणून. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "दोन्ही पावलं सारखी पडत्यात की."

बायको म्हणाली, "सरळ झालं आई आता. होतं म्हणे आपोआप."

"हां," सासूबाई म्हणाल्या. "बरं झालं. पोरीच्या जातीला पाय सरळच बरा." थोडा वेळ त्या पदराची कड चाचपत बसल्या. मग अगदी मायेने, समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. मला बरं वाटावं म्हणून सांगत होता तुम्ही."

बायकोने शपथ घेतली. मीही घेतली. त्यांनी दोघांच्या हातांवर थोपटलं. "असू दे गं. एवढ्याशा खोट्याला पाप नसतंय."

मी बरेच टक्केटोणपे खाल्लेत. जर्मनीत पहिल्या वर्षी फोरमनने माझ्यासमोर माझं काम मोडून परत करायला लावलं होतं, तेव्हाही मी मान खाली घातली नव्हती. त्या दिवशी सासूबाईंच्या पलंगासमोर घातली. त्यांना दिसणार नाही हे माहीत असूनही.

त्याच वर्षी शरद ऋतूत मित्राने पुन्हा घर बदललं. इथे उमत्सूग, घर हलवणं, म्हणजे सगळ्या ओळखीच्यांनी जमायचं, भाड्याची व्हॅन आणायची, खोकी उतरवायची आणि शेवटी बिर्याणी खायची. मी बसवलेलं स्वयंपाकघर काढायला मीच लागणार होतो. कपाटं उतरवून झाल्यावर मी केलरमधलं एक खोकं उचललं आणि जिन्यात त्याचं बूड सुटलं. फाइल उघडून कागद पायऱ्यांवर पसरले.

गोळा करताना एका कागदावर मला आमच्या लॅपटॉपचा मॉडेल नंबर दिसला. बुडाच्या चिठ्ठीवरचा. दोन्ही मशिनं सारखीच आहेत ना हे पडताळायला तो नंबर मी मेव्हण्याला फोनवर इतक्या वेळा वाचून दाखवला होता, की झोपेतही सांगितला असता. खाली मित्राच्या स्वच्छ अक्षरात तिन्ही सिस्टीमची नावं. तिसरीपुढे लिहिलं होतं: सुरू होण्याचा वेग उत्तम. आवाज ठीक. कॅमेरा: चित्र जात नाही, बोलायच्या प्रोग्रामच्या लिनक्स आवृत्तीत ती सोयच नाही, कोणत्याही सिस्टीमवर होणार नाही. खाली सही, आणि मी ओटा बसवला त्याच्या आदल्या आठवड्यातली तारीख.

तो वरून धुण्याचं मशीन पट्ट्याने उतरवत होता. मी कागद त्याच्यासमोर धरला. त्याने मशीन पायरीवर टेकवलं.

"तुला माहीत होतं."

"नव्या आवृत्तीत येणार होतं," तो म्हणाला. "खरंच येतंय आता. लोक वापरून बघतायत."

"तेव्हा माहीत होतं की नव्हतं?"

"होतं." मग त्याचा आवाज चढला. "तू विचारलंस का नीट? तू माझी खोड काढत होतास चार लोकांत. बिजागरी सैल, रंग उडालेला! दर वेळी तू मला पिळतोस, शेठ. दर वेळी. वाटलं, एकदा तुझीही जिरू दे. दोन रविवार जिरवून सांगणार होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

तो पट्टा हाताला गुंडाळत राहिला. "वहिनींनी मला ते चालीचं सांगितलं. त्याच्यानंतर तोंड उघडेना."

मी त्याच्यावर हात उचलला असता. मधे ते मशीन होतं म्हणून राहिलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, अरे, उतरवताय का नाही? मग आम्ही दोघांनी ते मशीन खाली नेलं, कारण एकट्याने ते नेता येत नाही.

व्हॅनजवळ मी त्याला म्हणालो, "एक कर. तू माझ्या मुलीला तिरकं चालताना पाहिलंयस. तू परका आहेस, तुझ्यावर त्या विश्वास ठेवतील. सांगलीला फोन कर आणि सांग, मी पाहिलंय म्हणून."

"करतो," तो म्हणाला. "या रविवारी."

तेव्हापासून आम्ही बोललो नाही. सासूबाई पुढच्या वर्षी गेल्या. मेव्हण्याला मी दोनदा विचारलं, पुण्याच्या कुणाचा फोन आला होता का? नाही, दाजी. सासूबाई शेवटपर्यंत शेजारणींना सांगायच्या, जावई लय चांगला, माझं मन राखायला गोड खोटंसुद्धा बोलायचा.

जर्मनीतल्या मराठी माणसांचं जग लहान आहे, साहेब, हे तुझ्यापर्यंत पोहोचेल. म्हणून तुला माझा शेवटचा भाव सांगतो. लॅपटॉप सोडले, कॅमेरे सोडले, माझी जिरवलीस तेही सोडलं. कॅफे मी नाकारला, त्याचं उत्तर मी माझ्या बायकोला देतो आहे, आणि ती ते मागत नाही म्हणून जास्तच द्यावं लागतं. तू एवढ्या एकाचं दे, याच्या खाली मी येणार नाही: त्या रविवारी सांगलीला फोन का केला नाहीस?